वर्गातल्या दोन टोप्या

पुणे, जून १९४६

तीर्थरूप सौ. आईच्या पायांशी नृसिंहाचा नमस्कार.

मी खुशाल आहे, जेवणही बरं मिळतं. दादांचा खोकला कसा आहे?

दादांच्या सांगण्याप्रमाणे पहिल्या दिवशी धोतर, कोट, टोपी घालून कॉलेजात गेलो. बाकी सारे पाटलोणीत आणि बोडके. "मिरजगावचे भटजी आले!" म्हणत मागच्या मुलांनी माझी टोपी बाकांवरून भिरकावली. मी ती उचलून, झटकून पुन्हा घातली. तेवढ्यात कोपरगावचा रविकांत म्हणून एकजण उठला आणि खिशात लपवलेली टोपी डोक्यावर ठेवून माझ्याशेजारी येऊन बसला.

दादांना यातलं काही सांगू नकोस. उद्या टोपी घालवत नाही, आणि काढली तर तो एकटा पडेल.

तुझाच,
नृसिंह