सासूच्या परसातलं लग्न

शुक्र. ७ फेब्रु.
अर्धी रजा टाकून निघाले. नारायणगावपर्यंत एसटी, पुढं ओतूरची जीप. झेंडूची पिशवी सीटवर ठेवली, तर एक पावणं तिच्यावरच बसले. मग म्हणाले, "ताई, फुलं व्हती का? मला वाटलं कपडं." निम्मा झेंडू चपटा.

सुनंदा फाट्यावर उभी. कॉलेजात तीन वर्षं आम्ही एका खोलीत. तिचा नवरा दिलीप जाऊन सहा वर्षं झाली. तेव्हापासून सासूजवळच राहते, शिलाई करते. परवा तिचं लग्न, मंचरच्या महेशशी. माहेरच्यांनी हात झटकले, तेव्हा सासू म्हणाल्या, मी लावून देते, माझ्या परसात. तीस माणसं. फोनवर ऐकलं तेव्हा खरंच वाटलं नव्हतं.

शनि. ८
दिवसभर परस. सरपण हलवलं, मोडकी बाज, फुटकी पिंपं. सारवायला मी बसले. सासूबाईंनी (मी मावशी म्हणते) माझं सारवण बघितलं आणि मुकाट्यानं परत सारवलं.

दीर बाळासाहेब शेजारीच राहतो. संध्याकाळी कुंपणापलीकडून आईला म्हणाला, लोकं काय म्हणत्याल, मी न्हाई येणार. मावशींनी झाडू काही थांबवला नाही. "दिलीप गेला तवा माझा पोरगा गेला. आता हिला बी घरात बसवून म्हातारी करू का? यायचं तर ये, न्हाई तर गप ऱ्हा."
तो गेला. सु. चुलीपाशी पाठमोरी. 

रवि. ९
मुहूर्त बारा वीसचा. साडेदहाला कळलं, भाताचं भाड्याचं पातेलं गळतंय. अकराला गुरुजींचा फोन, आधीच्या लग्नात अडकलोय, उशीर होईल. म्हणजे मंगलाष्टका मी. पहिलं कडवं बरं गेलं, दुसऱ्याला आवाज फाटला, नवरी अंतरपाटाआड हसायला लागली. तिसऱ्याला गुरुजी पोचले, देव पावला.

पातेल्याचं सांगायचं राहिलं. सगळे डोक्याला हात लावून उभे, तेवढ्यात बाळासाहेब घरचं मोठं पातेलं खांद्यावर घेऊन आला. कुणाकडं न बघता चुलीवर ठेवलं. मग गेलाच नाही. अक्षता टाकल्या नाहीत, पण शेवटच्या पंगतीपर्यंत वाढत होता. महेशच्या पानात बुंदी जरा जास्तच.

निघताना सु. मावशींच्या गळ्यात पडली ती सुटेना. महेश पाया पडून म्हणाला, "आई, तुमी पण चला. मागची खोली रिकामीच हाय."
मावशी म्हणाल्या, बघू.

सोम. १०
एक दिवस जास्त राहिले. मावशींनी सकाळी सवयीनं तीन कप चहा ओतला. तिसरा दोघींनी वाटून घेतला. नंतर पिशवीत तांदूळ भरून दिला, नको म्हणायची सोय नव्हती.

रवि. २३, पुणे
सु.चा फोन. मावशी काल मंचरला आल्या होत्या, पावणी म्हणून. दुपारी जेवल्या, मागची खोली बघितली, उजेड बरा हाय म्हणाल्या, पाचच्या जीपनं परत. आज सु.ला त्या खोलीतल्या खुंटीवर त्यांचं एक लुगडं दिसलं, घडी करून नीट अडकवलेलं. तिनं फोन केला, आई, लुगडं विसरलात.
मावशी म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे तिथंच."
सु. मला विचारत होती, याचा अर्थ काय गं. मी म्हटलं, विचारू नकोस. खुंटीवरून काढू पण नकोस.