मिसेस लॅसिटरची बाग

प्रिय होलिस,

आज रविवार आहे आणि मी चर्चला गेलेले नाही. हे वाचून तू खुर्चीतून पडशील म्हणून आधीच सांगते, मी आजारी नाही. गुडघे आहेत तसेच आहेत, साखर ताब्यात आहे, पास्टरशीही भांडण झालेलं नाही. सकाळी टोपी घातली, पर्स घेतली, दारापर्यंत गेले आणि परत येऊन स्वयंपाकघरात बसले. तेव्हापासून हा कागद समोर आहे. आधी फोन करणार होते. पण फोनवर तुला ऐकू येत नाही, मग तुझी सून मधे पडते आणि मला प्रत्येक वाक्य तिला ओरडून सांगावं लागतं. ही गोष्ट ओरडून सांगण्यासारखी नाही.

लॅसिटरच्या पाणचक्कीमागची टेकडी सपाट करणार आहेत. अजून दहा दिवसांनी, बुधवारी, मशीन येणार. पिवळ्या फिती बांधून झाल्या आहेत. तिथे बस उभ्या करायला जागा हवी आहे. आता हे वाचून तू पत्र बाजूला ठेवू नकोस, होलिस, तुझी सवय मला माहीत आहे. मनाला लागेल असं काही दिसलं की तू चष्मा काढून पुसत बसतोस. चष्मा राहू दे डोळ्यांवर आणि पुढे वाच.

तू मला कायम टोचत आलास की ज्या गोऱ्यांच्या चक्कीच्या मागच्या दाराशी आपण काळी माणसं पिठासाठी ताटकळायचो, तिच्याच पुढच्या दारात उभी राहून मी पाहुण्यांना हसून या-बसा करते. हो, करते. पंधरा वर्षं करतेय. आपल्या काउंटीत बघण्यासारखं आहे तरी काय? छपराचा पूल आहे, त्याच्यासमोर लोक फोटो काढतात. जुना तुरुंग आहे, तिथे गजांमागे उभं राहून दात काढतात. कोर्टाचं घड्याळ आहे, ते आपल्या लहानपणापासून पावणेचारच दाखवतंय. मग सगळे आमच्याकडे येतात, कारण बाथरूम आमच्याकडे आहे. मी त्यांना चाक दाखवते, दगडी जातं दाखवते, मूठभर ऊनऊन पीठ हातावर देते. आणि बाबांनी त्याच जात्याला टाकी लावली होती हेही सांगते. माझ्या आधी हे कोणी सांगत नव्हतं. तुला त्या नोकरीत लाचारी दिसते, मला त्यात बाबा दिसतात. हे भांडण आपण पुन्हा कधीतरी करू.

गेल्या वर्षी मार्चमध्ये खालच्या काउंट्यांमधून एक बस आली. सगळी चर्चची म्हातारी मंडळी. मी त्यांना चक्कीमागून ओढ्याकडे नेत होते. टेकडीवर ती वेल फुलली होती, तीच ती, जमिनीलगत पसरणारी, निळ्या फुलांची. आई आपल्याला तिथे खेळू द्यायची नाही, आठवतं? मी एकदा फुलं तोडून आणली तर तिने माझ्या हातातून काढून घेतली आणि मारलं नाही, बोललीही नाही. ते मारण्यापेक्षा वाईट होतं. तर त्या बसमधल्या एक बाई काठी टेकत थांबल्या. त्यांनी टेकडीकडे पाहिलं, मग इकडेतिकडे पाहिलं, कुठे पडकं घर, धुराडं दिसतंय का ते. घर नव्हतं. त्यांच्यामागच्या दोन म्हाताऱ्यांनी तोवर टोप्या काढल्या होत्या. बाई मला म्हणाल्या, “काय गं बाई, इथे कोण झोपलंय?”

इथे वाढलेल्या कोणालाही ते कळतं. आपल्या माणसांकडे थडग्यावर कोरीव दगड बसवायची ऐपत नव्हती, ती तिथे वेल लावायची, वर्षभर हिरवी राहते म्हणून. रानात ती वेल दिसली आणि जवळ घर नसलं की पाय आपोआप बाजूने पडतात. मलाही कळत होतं. जन्मभर मी तिथून बाजूनेच चालत आले. पण वीस माणसं माझ्याकडे बघत होती, आणि मी जर म्हटलं असतं की हो, आहेत, तर पुढचा प्रश्न ‘कोण?’ हा आला असता. त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. माझ्या जिभेला तर हाड नाहीच. मी म्हटलं, “कोणी नाही, मॅम. चक्कीवाल्या मिसेस लॅसिटरची ती बाग होती. त्यांना निळी फुलं फार आवडायची.” बाई माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “असेल बापडी,” आणि चालू लागल्या. त्या म्हाताऱ्यांनी मात्र टोप्या ओढ्यापर्यंत हातातच ठेवल्या.

मिस्टर प्रुइट मागे उभे होते. हे काउंटीचं पर्यटनाचं काम बघतात. माणूस वाईट नाही, उत्साही आहे, आणि त्याचाच त्रास आहे. त्यांना आनंदाचं भरतं आलं. “अहो मिस विलाडीन, हे इतकी वर्षं पोटात ठेवलंत? बाग! लोकांना बाग म्हणजे जीव की प्राण!” मी म्हणायला हवं होतं की मी आपलं तोंडाला येईल ते बोलले. महिन्याभरात तिथे हिरवी पाटी लागली, ‘मिसेस लॅसिटरची बाग’. पत्रकात छापून आलं. मग दुकानात कागदी पेल्यांतून रोपं विकायला ठेवली, मिसेस लॅसिटरची वेल, घरी नेऊन लावा. लग्न ठरलेल्या मुली तिथे फोटो काढायला यायला लागल्या. त्या बाईने आयुष्यात कधी खुरपं हातात धरलं नव्हतं, तुला ठाऊकच आहे, त्यांचं अंगण आईच झाडायची. आणि मी रोज दोनदा, अकराला आणि दोनला, त्या पाटीशेजारी उभी राहून तिच्या फुलांच्या आवडीबद्दल बोलत होते. दर वेळी गोष्ट थोडी वाढायची. ती फुलं नवऱ्याने सव्हानाहून आणली असंही मी एकदा सांगून टाकलं.

बागेमुळे बस वाढल्या, आणि बस वाढल्या म्हणून जागा कमी पडायला लागली. हे असं झालं बघ. जानेवारीत मिस्टर प्रुइट एक कागद घेऊन आले. बोर्डाला लेखी हवं होतं की टेकडीवर कोणाला पुरलेलं नाही. म्हणाले, “पाटीभोवतीची वेल तेवढी ठेवू, बाकी खडी टाकू. तुमच्यापेक्षा ही जागा जास्त कोणाला माहीत आहे? तुम्हीच सही करा.” होलिस, मी पेन हातात घेतलं, टोपण काढलं, पुन्हा लावलं. पण सही नाही म्हटलं तर दहा महिने सांगत आलेली गोष्ट खोटी ठरत होती. पाटी माझ्यामुळे, पत्रक माझ्यामुळे. सगळ्या काउंटीत छी थू झाली असती, आणि पुढच्या दारात उभी राहणारी आपली पहिली बाई खोटारडी निघाली म्हणून बोटं दाखवली असती. मी सही केली. घरी येऊन दोनदा हात धुतले.

तेव्हापासून मला धड झोप नाही. मनाला समजावत होते की मला तरी कुठे नक्की माहीत आहे. वेल काय, कुठेही उगवते. मी टेकडीच्या बाजूला बघणंच सोडलं. पण गेल्या गुरुवारी दुकानातली रोपं संपली आणि मिस्टर प्रुइट म्हणाले, मशीन यायच्या आत जमेल तेवढी काढून घेऊ. मी म्हटलं, मी काढते. दुसऱ्या कोणाचं खुरपं तिथे पडायला नको असं वाटलं, एवढंच. वर, त्या वाकड्या सीडरच्या झाडापलीकडे, जमीन बसली आहे. लांबट खळगे आहेत, एका ओळीत, सगळ्यांची तोंडं पूर्वेकडे, थडग्यांची असतात तशी. मी नऊ मोजले. नववा आखूड आहे. तिथे वेलीचं मूळ ओढलं आणि मातीबरोबर एक पेला वर आला.

तो आता माझ्यासमोर टेबलावर आहे. पांढऱ्या इनॅमलचा, निळ्या काठाचा, माझ्या तळहाताएवढा. कान गंजून गेलाय. बुडाला मधोमध खिळ्याने पाडलेलं भोक आहे.

मी तिथेच मातीत बसले. होलिस, ते भोक पाडताना मी बघत होते. मी चार वर्षांची असेन, तू बाराचा. मागच्या पायरीवर तू पेला पालथा धरला होतास आणि हातोडी मारत होतास. मी रडले, चांगला पेला फोडलास म्हणून. बाळ त्यातून दूध प्यायचं आणि मला तो कधी मिळायचा नाही, माझा त्याच्यावर डोळा होता. तू म्हणालास, “गप बस, डीन. हा आता तिचाच, तिच्या मातीवर ठेवायचा. भोक पाडलं नाही तर ती आपल्याला हाका मारत राहील.” एकाहत्तर वर्षं मला हे आठवलं नव्हतं, आणि कानात ती हातोडी वाजली तसं सगळं एकदम आलं. बाबांच्या खांद्यावरची पेटी. आई बरोबर आली नव्हती, ती खिडकीत होती. मग घरी परत आल्यावर तू मला विहिरीमागे नेऊन दंडाला धरून बजावलंस की आईसमोर बाळाचं नाव कधी काढायचं नाही, कधीच नाही. मी काढलं नाही. इतकं काढलं नाही की बाळच विसरले.

आईच्या दफनाला तू आलास तेव्हा जेवणाच्या वेळी तासभर गायब होतास. परत आलास ते चांगल्या पँटच्या गुडघ्यांना चिखल लावून. मी सगळ्यांदेखत तुझी टिंगल केली की क्लीव्हलंडचे साहेब गावच्या रस्त्यावर चालायला विसरले. तू हसलास आणि चिकन वाढून घेतलंस. माफ कर मला. तेव्हा विचारलं असतं तर तू सांगितलंही असतंस.

शुक्रवारी मी मिस्टर प्रुइटांकडे गेले आणि सगळं सांगून टाकलं. बाग खोटी, फुलांची आवड खोटी, सही खोटी. त्यांनी टेबलावरची पत्रकं उचलून खणात टाकली. पाटीचा मजकूर त्यांनी स्वतः लिहिला होता ना. मग म्हणाले, “मिस विलाडीन, मी तुमच्या बाजूने उभा राहीन. पण मशीन यायच्या आदल्या दिवशी, मंगळवारी, बोर्ड तुमच्याच सहीचा कागद पुढे करेल. चार वर्षांच्या मुलीची आठवण आणि एक फुटका पेला, एवढ्यावर ते मशीन थांबवणार नाहीत. कोण आहे तिथे? एक नाव द्या मला. नाव आणि नाव सांगणारा माणूस.” चर्चची जुनी नोंदवही पुराच्या वर्षी गेली, घरातले जन्म-मृत्यू ज्यात लिहायचे ते आपलं बायबल घराबरोबर जळलं, सुईणीने कधी काही लिहिलं नाही. माझ्या आधीचं माहीत असलेलं आता कोणी उरलेलं नाही. तू आहेस फक्त.

म्हणून हे पत्र. बोर्डासमोर उभं राहून मी काय केलं ते मीच सांगणार आहे, त्यातलं काही तुझ्यावर ढकलणार नाही. नोकरी जाईल, जाऊ दे. पण मला भीती वाटतेय, होलिस. मी तिथे उभी राहीन, ते विचारतील कोण, आणि पुन्हा माझ्याकडे उत्तर नसेल. सोबत तिकीट लावलेलं पाकीट ठेवलंय. नोटरीपुढे दोन ओळी लिही, तू तिला तिथे ठेवलंस म्हणून, आणि हे मिळाल्याबरोबर टाक. ओळीतल्या बाकीच्या आठांपैकी कोणी माहीत असेल तर तेही लिही. आईसाठी तू हे खूप वर्षं पोटात ठेवलंस, आता आई नाही, आणि तू आता ते सांगितलंस तर तिला रागही येणार नाही. तिच्या थडग्याच्या फळीवर तू तापलेल्या खिळ्याने तिचं नाव कोरत होतास तेव्हा मी तुझ्या शेजारी बसले होते. धूर माझ्या डोळ्यांत जात होता. पहिलं अक्षर गोल होतं, ते तू दोनदा गिरवलंस. पुढची अक्षरंही मी सगळी पाहिली. मला तेव्हा वाचता येत नव्हतं. आपल्या बहिणीचं नाव काय होतं?

तुझ्या पत्राच्या वाटेवर डोळे लावून बसलेली,
तुझीच
डीन