मसाल्यातलं दगडफूल

नरडाणा,
१२ डिसेंबर १९९३

प्रिय रतिलाल,

पत्र उघडलं की शेवट आधी वाचायची तुझी खोड मला ठाऊक आहे, म्हणून मुद्द्याचं इथंच लिहिते. माय मुंबईहून परत आली. गर्भपिशवीच्या गाठीवर उपचार न घेताच आली. डॉक्टर म्हणतात, आत्ता सुरुवात केली तर बरी होण्याची चांगली आशा आहे, अजून दिवस घालवले तर त्यांच्या हातात काही राहणार नाही. आणि माय म्हणते, नको. का नको, ते एसटीडी बूथवरून सांगितलं असतं, पण समोर मीटर पळायला लागलं की मला स्वतःचं नावसुद्धा आठवत नाही आणि बूथवाला कान टवकारून बसतो तो वेगळाच. तेव्हा बंगलोरच्या तुझ्या त्या गार हवेत स्वस्थ बैस आणि सगळं वाच. मी मास्तरीण आहे, पाल्हाळ लावणारच.

नरडाणा स्टेशनवर आबा बैलगाडी घेऊन आले होते. माय गाडीत आडवी झाली नाही, बसूनच राहिली. आपल्या खालच्या शेताशी आलो तशी म्हणाली, इथंच सापडलं होतं ना ते पाडस? तुला आठवतं की विसरलास? कपाशीत लपलेलं, कुत्र्यांच्या भीतीनं थरथरणारं. तू सदऱ्यात गुंडाळून आणलंस आणि मायनं शेळीच्या दुधात कापसाचा बोळा भिजवून त्याला पाजलं. रात्री तिच्या एका कुशीला तू, दुसऱ्या कुशीला ते. मी रुसून बसायचे, की या घरात एक मुलगीही आहे, कुणाच्या लक्षात आहे का! पुढे ते आबांच्या धोतराचा सोगा चावायला लागलं, तेव्हा आपण तिघं त्याला डोंगराकडे सोडून आलो. परतताना माय रडत होती आणि डोळ्यात कुसळ गेलं म्हणत होती. तू जनावरांचा डॉक्टर होणार, हे त्याच दिवशी ठरलं, असं मी अजून शाळेत सगळ्यांना सांगते.

रशियातली ती अणुभट्टी फुटल्याची बातमी रेडिओवर आली तेव्हा मी आखाजीच्या सणाला माहेरी आले होते. आम्ही बाया निंबाच्या झाडाला झोका बांधत होतो. आबांनी बातमी ऐकली, रेडिओ बंद केला आणि तिकडचं वारं इकडे थोडंच येतंय म्हणून डांगर कापायला बसले. मलाही तसंच वाटलं. पुढच्या वर्षी तू शिकायला स्वीडनला गेलास, ते वारं जिथं पोचलं होतं तिथंच.

तू परत आलास ती संध्याकाळ मला फार आवडते. कानबाईच्या सणाचे दिवस होते, सगळे भाऊबंद प्रसादाचे रोट खायला जमले होते आणि तू ओट्यावर बसून तिकडच्या रेनडिअर हरणांचं सांगत होतास. पावसाबरोबर डोंगरावर विष पडलं, ते तिथल्या दगडफुलात मुरलं, आणि हिवाळाभर ती हरणं तेच खाऊन जगतात. तुम्ही जिवंत हरणाच्या मांडीला यंत्र लावून मोजायचात. आकडा जास्त आला की मारलेल्या जनावराचं मांस निळं रंगवायचं, कुणी चुकून खाऊ नये म्हणून. एका म्हातारीनं तुझ्यापुढं ताट ठेवलं, तू खाऊ शकला नाहीस, आणि ती मात्र तुझ्यासमोर जेवली. मायनं विचारलं, त्या विषाचं नाव काय? तू सांगितलंस, सिझियम. आणि फिटतं किती दिवसांत? तू म्हणालास, तीस वर्षांत अर्धं. सुतकसुद्धा दहा दिवसांत फिटतं रे बाबा, असं पुटपुटत ती आत गेली.

दुसऱ्या दिवशी तिनं काय केलं ते तुला आम्ही कधी सांगितलं नाही, तू हसशील म्हणून. मसाल्याच्या डब्यातलं सगळं दगडफूल काढून तिनं उकिरड्यावर टाकलं. तेव्हापासून आपल्या घरच्या काळ्या मसाल्यात दगडफूल नाही. मी म्हटलं, अगं, स्वीडन कुठं आणि आपण कुठं! तर म्हणे, दगड तर सगळीकडेच आहेत. खापरावरच्या भाजलेल्या खोबऱ्याचा वास तोच, पण वांग्याच्या भाजीला ती जुनी चव काही येत नाही. आबा कुरकुरत खातात. तू सुट्टीला आलास की भाजी मिटक्या मारत खायचास आणि मायच्या हाताला जगात तोड नाही म्हणायचास, तेव्हा आम्ही दोघी एकमेकींकडे बघायचो. त्या हरणवाल्या म्हातारीची चौकशी मात्र माय अजून करते. तिला मुलंबाळं होती का, तिनं पुढं काय खाल्लं असेल. मला काय माहीत! मी ठोकून देते, सरकारनं हरणांना चारा दिला.

मग धुळ्याची ती सभा झाली. तापीच्या खालच्या अंगाला गुजरातेत अणुवीज केंद्र उभं राहत होतं आणि तू त्याच्या विरोधात बोलणार होतास. आबा कोरं धोतर, इस्त्रीची टोपी घालून पहिल्या रांगेत बसले होते, पोरगा भाषण करणार म्हणून. तू हरणांचं सांगितलंस. आबा मात्र एसटी स्टँडवर येताच असं बोलले की आजूबाजूचे वळून बघायला लागले: "लाइट नही ऱ्हायना ते पाणी काढाले तुनं हरीण येई का?" तूही काही कमी नाहीस. जन्मभर विहिरीवरच्या मोटारीच्या बटणापलीकडे तुम्हाला काही दिसलं नाही, असं तू बापाला म्हणालास. दोघांचंही मला पटतं, ही माझी पंचाईत. हातातोंडाशी आलेलं पीक लाइटीवाचून वाळताना मी लहानपणापासून बघितलंय, आणि तुझं ते निळं मांस मी न बघताही विसरू शकत नाही. पण त्या दिवसानंतर तू घरी फिरकला नाहीस, हे मात्र मला अजिबात पटत नाही. मला राग आहे तुझा, आणि आठवणही फार येते.

आता मुंबईचं सांगते. डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या, मराठी बोलणाऱ्या. आधी बाहेरून यंत्रानं शेक देऊ म्हणाल्या, मायनं मान डोलावली. मग म्हणाल्या, नंतर एक बारीक नळी आत ठेवू, तिच्यात औषध असतं, थोडा वेळ खोलीत एकटं राहायचं, नळी काढली की झालं. मीच शहाणपणा केला, कसलं औषध म्हणून विचारलं. बाई म्हणाल्या, सिझियम. रतिलाल, आपली माय, जिला सही करायला अंगठा लागतो, ती तो शब्द ऐकताच तपासणीच्या टेबलावरून खाली उतरली आणि पातळ नीट करून म्हणाली, "मना पोऱ्या सांगे तेच शे हाई. माले नको." बाईंनी परोपरीनं समजावलं, नळी काढली की अंगात काही उरत नाही. मी बाहेर बाकावर तेच पुन्हा सांगितलं. तर मला म्हणते, "तू शाळामा शिकाडस. त्यानी सोता देखेल शे." मरायला ती भीत नाही. तिच्या अंगात ते तीस वर्षं राहील आणि नातवंडांना जवळ घेता येणार नाही, ही तिची भीती आहे. परवापासून माझ्या सुमनला ती मांडीवर बसू देत नाही, म्हणे आतापासून सवय केलेली बरी.

काल आबा माझ्यापाशी येऊन उभे राहिले. धुळ्याच्या सभेपासून तुझं नाव त्यांनी तोंडातून काढलं नव्हतं, तुला माहीतच आहे. म्हणाले, "रतिलालले लिख. त्यानं सांगं तेच ती आयकी." एवढं बोलून ते गोठ्याकडे गेले. हे पत्र त्यांच्या सांगण्यावरून लिहिते आहे. तुझी मतं बदल असं मी म्हणत नाही, त्या केंद्राच्या विरोधात वाटेल तेवढ्या सभा घे, पुढच्या सभेला मीही येईन. पण आधी मायच्या खाटेपाशी ये आणि हे विष आणि ते औषध यांत काय फरक आहे, ते तिला समजेल असं सांग. ती हो म्हणाली की तिच्याबरोबर मुंबईला चल. आणि ती नळी काढून तिला खोलीबाहेर आणतील, तेव्हा सगळ्यांत आधी तू तिच्या मांडीवर डोकं ठेव. तिला तुझं बोलणं पटलं तरी भीती जाईल ती तेवढ्यानंच. लगेच निघ.

वाटेकडे डोळे लावून बसलेली,
तुझीच,
झुंबरअक्का