अळूचा वाफा धुतल्याची हकिगत

ईडन प्रेरी, २० सप्टेंबर

ती. नैनामावशीस,

यशोधनचा साष्टांग नमस्कार. (या खेपेला खरोखरच आडवं पडावं असं वागलोय.) तुझे गुडघे कसे आहेत? गोळ्या वेळेवर घेतेस ना? आम्ही मजेत आहोत, म्हणजे इशिता मजेत आहे. मला तोंड लपवायला जागा नाही.

मे महिन्यात तू आमच्या मागच्या अंगणात अळू लावलंस आणि निघताना, "याला हात लावू नकोस, नुसतं पाणी घाल," असं मला बजावलंस. पुढे आषाढ तळायचा म्हणून इशिताने कापण्यांचा घाट घातला, अर्थात गॅरेजमध्ये (घरात तळलं की इथे महिनाभर कोटांना वास येतो). उरलेलं तेल गार व्हायला मी कढईसकट वाफ्याच्या कडेला ठेवलं, आणि संध्याकाळी लॉनमोअर मागे घेताना माझीच टाच तिला लागली. दोन लिटर तेल अळूच्या मुळाशी.

तेव्हाच तुला फोन करायचा. पण मी पडलो माती धुणारा इंजिनियर! ("माती धुवायला एवढ्या लांब गेलास?" असं तू विचारलं होतंस, ते मला लागलं होतं, आज कबूल करतो.) आमच्या कंपनीत तेलाने नासलेली माती साबणाच्या पाण्यात घुसळतात; तेल वर येतं, ते काढून घेतात, स्वच्छ वाळू खाली बसते. मी कंद उपटून बाजूला ठेवले आणि तेच केलं. मराठी मंडळाचं मसालेभाताचं पातेलं (ते आमच्याच गॅरेजात असतं), भांड्यांचा साबण आणि तेल काढायला पळी. इशिता दारातून म्हणाली, "यार, तू सिरियसली माती धुतोयस?" मी तिला सगळी प्रक्रिया समजावून सांगितली. बारीक चिखल तेल सोडत नाही, म्हणून तो शेडमागे ओतून दिला. असे तीन शनिवार. माती इतकी लख्ख झाली की मी बॉसला फोटो पाठवला. मग कंद पुन्हा लावले. मावशी, त्यात गवताचं पातंही उगवलं नाही. मातीतला सगळा कस मीच धुऊन टाकला होता. फार लाज वाटते गं. तुझ्या हातचं होतं ते.

तुझा,
यशोधन

ता. क. दर रविवारी व्हिडिओवर तू ज्या पानांचं कौतुक करतेस, ती इंडियन स्टोअरमधून आणून वाळूत खोचलेली असतात.

ता. क. २ पातेल्याचं कुणाला बोलू नकोस. गणपतीत त्यातच मसालेभात झाला. लोकांनी दोनदा मागून घेतला.

ता. क. ३ काल शेडमागे गेलो होतो. ओतून दिलेल्या त्या तेलकट चिखलातून अळू वर आलंय, तळहाताएवढ्या पानांचं. एखादा कंद त्यात गेला असावा. बर्फ पडायच्या आत तो काढून कसा ठेवायचा, तेवढं कळव. आणि मे महिन्यात ये, तूच लाव. मी हात लावलेला नाही. नुसतं पाणी घातलं.