आतली भिंत

१७ मे, शनिवार

समीरला अखेर कंपनीच्या रेसिंग विभागात घेतलं. इतकी वर्षं गिअरबॉक्सचे आकडे तपासत बसला, आता गाडी पळताना बघायला मिळेल. सासूबाई परवाच नाशिकहून आल्यात, त्यांनी लगेच शिरा केला. मी खूश. खरंच खूश. आता ट्रॅकवर आम्ही दोघंही. तो पिटमध्ये गाड्यांपाशी, मी कुंपणाला कॅमेरा टेकवून.

दुपारी स. वरच्या मजल्यावरच्या फ्राऊ वेबरबाईंकडून लेखी परवानगी घेऊन आला. कशाची? भिंतीला ड्रिलने दोन भोकं पाडायची. "शनिवार आहे, आवाज होईल, विचारलेलं बरं." नियमांच्या बाबतीत हा इथल्या जर्मनांनाही लाजवेल. भोकं माझ्याच फोटोंसाठी. वाळवंटातल्या रॅलीचे दोन लावले. धुरळ्यातून निघालेली जीप, आणि राजस्थानातल्या धापूबाईच्या घराची बाहेरची भिंत, गेरूवर पांढरे मोर.

आतल्या भिंतीचा नाही लावला. लावणारही नाही.

१८ मे

काल मी 'आतल्या भिंतीचा नको' म्हटलेलं ऐकून सासूबाईंनी विचारलंच. "आतली भिंत म्हणजे काय गं?"

सांगितलं सगळं. जैसलमेरच्या पुढे गाडी रुतली, रॅली निघून गेली, मी धापूबाईच्या घरी राहिले. बाईचा हात काय! पांढऱ्या रंगात भिजलेली चिंधी मुठीत, ती दाबायची आणि अनामिकेने रेघ ओढायची. बाहेरच्या भिंतींवर मोर, उंट, येणाऱ्याजाणाऱ्याने बघावे म्हणून. आतल्या खोलीत दाराशेजारी एकच मोठं फूल. त्यातली एक पाकळी नुसती रेघेची, कोरी. ती लेकीची. लेक माहेरी आली की स्वतःच्या हाताने भरते. पण तिच्या लेकीला, कमलाला, सासरचे पाठवतच नाहीत. दर दिवाळीला धापूबाई भिंत सारवते, फूल नव्याने काढते आणि पाकळी पुन्हा कोरी ठेवते.

म्हणाली, फोटो काढ, तुझ्याजवळ ठेव. बाहेरच्या भिंती जगाला दाखव, ही नको. मी हो म्हटलं.

सासूबाईंनी सगळं ऐकलं. मग म्हणाल्या, "पोरीला फोन तरी करू देतात का?" मला माहीत नव्हतं.

२४ मे, शनिवार



सरावाचा दिवस. मी वळणावर उभी. शटर मंद ठेवून गाडीबरोबर कॅमेरा फिरवत होते, म्हणजे मागचं सगळं फरपटतं आणि गाडी तेवढी लख्ख येते. स.च्या टीमची नवी गाडी आली. गेरूचा रंग. दारावर पांढरं फूल.

वाटलं, योगायोग. पुढच्या फेरीला पुन्हा घेतलं. स्क्रीनवर मोठं करून पाहिलं. डावीकडे, जिथे फूल काढताना शेळी मध्ये घुसली आणि धापूबाईचा हात हलला, ते वाकडं वळणसुद्धा होतं तसंच. तेव्हा आम्ही दोघी किती हसलो होतो.

फक्त कोरी पाकळी कोरी नव्हती. भरलेली होती, बाकीच्यांसारखी.

त्यानंतर एकही फोटो काढला नाही.

परत येताना गाडीत विचारलं. स. चक्क खुशीत! "अगं, सरप्राईज होतं! तुझं काम सगळ्या ट्रॅकवर पळतंय."

"कुणाला विचारलंस?"

"घरातल्या घरात काय विचारायचं? फोटोंची डिस्क तर दोघांची आहे."

"तुला मी सांगितलं होतं. तिकडून आल्या आल्या सांगितलं होतं, समीर."

"हो, पण मला वाटलं, ते तू तेव्हा जरा... भावनेच्या भरात."

आणि पाकळी? "डिझायनरला ती अर्धवट वाटली. म्हणाला, फोटोत नीट आलेली नाही."

फ्राऊ वेबरला दोन भोकांसाठी लेखी. मला तोंडी पण नाही.

२५ मे

 त्याने चहा करून दिला, प्यायले. चहाशी काय भांडण.

१ जून, रविवार

हायडेलबर्गहून त्याचे मित्र आले होते. सगळ्यांनी मोबाईलवर गाडी बघितली. वा वा. "वहिनी, तुमचं नाव कुठेय?" असं एकाने विचारलं, तर स. म्हणतो, "नाव कशाला, घरचंच काम आहे." मी वाट्या उचलायला आत गेले. सासूबाई ओट्याशी कोशिंबीर कालवत होत्या. माझ्याकडे बघितलं आणि वाट्या पुढे सरकवल्या.

मला तरी राग नक्की कसला आलाय? नाव नको आहे मला. नाव असतं तर जास्तच वाईट झालं असतं. दिलेला शब्द माझा होता आणि तो माझ्या नवऱ्याने मोडला. मी तिकडे तोंड कसं दाखवू, हे त्याच्या मनात एकदाही आलं नाही.

तरी वाटतंय, खरंच मला आनंद व्हावा म्हणून केलं असेल. मूर्खपणा केला, पण प्रेमाने केला. हे धरून बसले तर निभावेल.

७ जून, शनिवार

नाही निभावत.

शर्यतीआधी टीमच्या तंबूत कॉफी. स.ची बॉस, फ्राऊ केलर, चांगली बाई, मला मिठीच मारली. "तुमच्या नवऱ्याने सगळं सांगितलं. त्याच्या आजीची भिंत! लहानपणी तो आजीशेजारी बसून रंग कालवायचा. किती सुंदर! म्हणून तर आम्हाला हा माणूस इथे हवा होता. शेवटी गाडीत जीव पाहिजे."

मी म्हटलं, "या."

एवढंच म्हटलं. जर्मनमध्ये हो! आणि कॉफी प्यायले.

स.ची आजी नाशिकला तिसऱ्या मजल्यावर ब्लॉकमध्ये राहायची. भिंतींना पिस्ता डिस्टेंपर. खिळासुद्धा ठोकू द्यायची नाही, प्लास्टर पडेल म्हणून. हे त्यानेच मला हसत हसत सांगितलेलं.

म्हणजे सरप्राईज वगैरे काही नव्हतं. बदली आधी नाही झाली. आधी फूल दिलं.

८ जून

सासूबाईंसमोरच विचारलं. मुद्दाम. त्या म्हणत होत्या, "अरे, आजीला साधी रांगोळी यायची नाही, ठिपके मोजताना चिडायची." स. खाली बघत पोळीचे तुकडे करत राहिला.

मग एकदम चढ्या आवाजात, "तुम्हाला काय माहितीये? इतकी वर्षं त्या ऑफिसात मी म्हणजे आकडेमोड बरोबर करणारा भारतीय. गेनाऊ, अगदी अचूक! माझं नावसुद्धा नीट घेत नाहीत. पहिल्यांदा कुणीतरी विचारलं, तुझ्या घराच्या भिंती कशा असतात? काय सांगू? पिस्ता डिस्टेंपर?"

मला वाईट वाटलं त्याचं. खोटं कशाला लिहू. त्याचे कान लाल झाले होते, लहान मुलासारखे.

पण भिंत धापूबाईची आहे.

म्हटलं, केलरबाईंना खरं सांग आणि ते फूल उतरव. म्हणाला, सांगतो.

१५ जून

सांगितलं नाही.

२१ जून

स. म्हणतो, "तळ्याकाठची शर्यत होऊ दे, मग सांगतो." का? तर इथल्या आपल्या गावातली आहे, टीव्हीवाले येतात. सासूबाई म्हणाल्या, "समीर, आज सांग." त्यांनी आवाज असा लावलेला मी कधी ऐकला नव्हता. हा चप्पल घालून बाहेर गेला. रिकाम्या बाटल्या दुकानात परत द्यायच्या होत्या म्हणे.

मीच केलरबाईंना सांगू शकते. नंबर आहे. दोनदा काढला. सांगितलं तर तो विभागातून जाईल, कदाचित कंपनीतूनही. माझ्या हाताने होईल ते. यालाही फसवणूकच म्हणतील सगळे. स. तर म्हणेलच.

सासूबाईंनी सुपारी कातरता कातरता विचारलं, "त्या बाईला कळवलंस का?"

नाही कळवलं.

६ जुलै, रविवार

शर्यत झाली. दगडी स्टँड गच्च भरलेला. सासूबाई टोपी घालून बसलेल्या. मी माझ्या जागेवर. बाकी सगळ्या गाड्या टिपल्या. फूलवाली आली की कॅमेरा खाली. शेजारचा फोटोग्राफर दर वेळी बघायचा, ही बाई काय करतेय.

फूलवाली शर्यतीत दुसरी आली. तंबूत आरडाओरडा, मिठ्या. स.ला पुढे ढकललं, कुणीतरी माईक धरला. मी जवळच उभी होते, सासूबाई मागे खुर्चीवर. आत्ता सांगेल, असं वाटलं. शपथ, वाटलं. त्याने माझ्याकडे बघितलंसुद्धा. मग म्हणाला, "माय ग्रँडमदर वुड बी व्हेरी प्राउड."

सासूबाईंना इंग्रजी येतं. टोपी काढून मांडीवर ठेवली त्यांनी.

७ जुलै

पाठवला फोटो. मी सरावाच्या दिवशी घेतलेला, दारापुरता कापलेला. धापूबाईकडे फोन नाही, शेजारच्या दुकानदाराचा आहे. लिहून काय उपयोग, तिला वाचता येत नाही. त्याला म्हटलं, बाईंना दाखवा, बाकी मी फोनवर बोलते. माझ्या तोंडून कळू दे. टीव्हीवरून, नाहीतर कुणा पर्यटकाकडून कळण्यापेक्षा.

स.ला सांगितलं, पाठवलाय. "तू काय मिळवलंस त्यातून?" म्हणाला. 

९ जुलै, बुधवार

जेवताना फोन आला. व्हिडिओ. दुकानदाराचा अंगठा अर्ध्या काचेवर, मागे धापूबाई, पदर डोक्यावर. मी हात न धुताच उचलला. समोर स., शेजारी सासूबाई.

काय काय बोलायचं ते ठरवून ठेवलं होतं. माफी कशी मागायची ते हिंदीत जुळवून ठेवलं होतं. तिने बोलूच दिलं नाही. ती हसत होती. रडतही होती. गाडीचं नावसुद्धा काढलं नाही.

"पाकळी भरलीय," म्हणाली. "म्हणजे कमला भेटली तुला? तिकडे आलीय का ती? कशी आहे?"

 लेकीशिवाय दुसरं कोण भरणार ती पाकळी? तिच्या दृष्टीने कुणीच नाही.

सासूबाई पदराने तोंड झाकून बसल्या. समीरला हिंदी माझ्यापेक्षा चांगलं येतं.

मी फोन त्याच्या हातात दिला. म्हटलं, तू सांग.

त्याने घेतला. धापूबाई विचारतच होती, बारीक झालीय का गं ती, नीट जेवते ना.