बाहीतली टाचणी

ता. ३ नोव्हेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या चिमणीच्या वर्गाने शाळेत बनवलेली हवामोजणीची पेटी संस्थेत सुखरूप पोचली. आत एका पट्टीवर तिने बारीक अक्षरात लिहिलंय, मावशी, नीट शिव. सगळे हसले, मीही हसले. पण वरवर.

ताई, माझ्या हातून घात झालाय. ती पेटी वर नेणाऱ्या फुग्याच्या पट्ट्या आम्ही सातजणी जोडतो, हे तुला ठाऊक आहे. परवा कड सरकत होती. पंचवीस वर्षांची शिवणाची सवय! मी बाहीतली टाचणी काढली आणि कड टाचली. भानावर येऊन उपसली, पण हे कापड नव्हे, कांद्याच्या सालीएवढं पातळ प्लास्टिक आहे. पडलेलं भोक बुजत नाही. टाचणी कामाच्या खोलीत न्यायचीच नाही, असं पहिल्याच दिवशी बजावलं होतं. जोड साठ आहेत, आणि कुठल्या जोडावर टाचली ते आठवत नाही. उड्डाण चौदा तारखेला. वायू गळून फुगा कुणाच्या डोक्यावर कोसळला तर?

शिवणकाम करणाऱ्या बिनडिग्रीच्या बायकांना संस्थेने पहिल्यांदाच शिकवून कामावर घेतलंय. मी तोंड उघडलं तर पुढची तुकडी बंद होईल, आणि तीत तुझा अर्ज आहे. काय करू? झोप लागत नाही.

लोभ आहेच, हे वाचूनही तो राहू दे.
तुझी धाकटी

ता. ६ नोव्हेंबर

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

आधी तोंडाला कुलूप लाव. एवढ्याशा भोकाने काय होतंय? लहानपणीही तू दूध सांडायच्या आधीच रडायचीस.

इथे रेडिमेड कपड्यांनी माझं शिवणाचं दुकान पार बुडवलंय. महिन्याभरात तीन पडदे आणि दोन पँटींच्या चेनी, एवढंच काम आलं. संस्थेच्या वीस तारखेच्या मुलाखतीवर माझा सगळा जीव आहे. तुझ्यासोबतच्या सहाजणींच्या चुलीचाही विचार कर.

चिमणी हवेत आहे. शाळा मुलांना उड्डाण दाखवायला आणणार आहे, थेट मैदानात, फुग्याच्या खाली. तिला भेट. हे पत्र फाडून टाक.

माया आहे म्हणूनच दटावते.
तुझी ताई

ता. ९ नोव्हेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र फाडलं. पण चिमणी फुग्याखाली उभी राहणार हे वाचलं आणि राहवलं नाही. काल आम्हाला शिकवणाऱ्या इंजिनिअर बाईंना सगळं सांगून टाकलं. त्यांनी चष्मा पुसला आणि फुग्याची घडी उलगडायला सांगितली. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मग फुगा लांब टेबलावर पसरला, खालून दिवे लावले आणि आम्ही एकेक जोड बघत सरकलो. माझं भोक एकोणिसाव्या जोडावर सापडलं. हुश्श म्हणते तोच चाळिसाव्यावर दुसरं, पुढे तिसरं. त्या जोडांना मी हातसुद्धा लावला नव्हता. बाईंनी सगळ्यांना कामावरचे पांढरे कोट काढायला लावले. ताई, सातपैकी पाचजणींच्या बाहीत टाचण्या निघाल्या. कुणी लपवल्या नव्हत्या. त्या तिथे आहेत याचा कुणाला पत्ताच नव्हता.

उड्डाण पुढे ढकललंय. तुमच्या तुकडीचं विचारलं, तर वरिष्ठ ठरवतील म्हणाल्या. तुझ्या पोटावर मीच पाय आणला.

रागावलीस तरी पत्र पाठव.
तुझी धाकटी

ता. १३ नोव्हेंबर

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

दोन दिवस तुझ्यावर जाम चिडले होते. मुलाखतीचं बोलावणं अजून नाही. पोस्टमन गल्लीत दिसला की दारात जाते, आणि तो पुढे गेला की परत मशीनवर बसते.

उड्डाण लांबलं म्हटल्यावर चिमणीने विचारलं, मावशी नीट शिवत नव्हती का? आता शिवतेय, असं मी सांगितलं. भोकाने काय होतंय हे ज्या कागदावर लिहिलं, त्याच कागदावर माझी पोर त्याखाली उभी राहणार हेही मीच लिहिलं होतं. तुला दिसलं ते मला दिसलं नाही. त्याची मला अजून धडकी भरते.

लोभ मागायला तोंड नाही; तरी मागते.
तुझी ताई

ता. क. पाकीट चिकटवायला घेताना हात सहज बाहीकडे गेला. तीन टाचण्या निघाल्या. एक तर गंजलेली होती.