ओल्या वाळूपर्यंत

बाबा, मी समुद्रात बुडी मारायला चालले आहे, आणि तीही नॉर्वेत, जिथल्या पाण्यात मासेसुद्धा नाइलाजाने राहत असावेत. तुमची नात तिथे नोकरीला आहे. माझ्या त्रेपन्नाव्या वाढदिवसाला साडी पाठवायची सोडून तिने बोटीवरची जागा पाठवली. पाठीवर हवेचं नळकांडं बांधून गार पाण्यात उतरायचं, खाली काय आहे ते बघायचं आणि शक्यतो जिवंत वर यायचं. तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली, त्यामुळे परवानगी काढायचा प्रश्न नव्हता. पण गेल्या आठवड्यात तयारी करता करता जे कळलं, त्याने माझे हातपाय गार पडले आहेत, आणि त्यात बर्फाचा काही दोष नाही.

बर्फ खरोखरच होता. थंडीची सवय व्हावी म्हणून मी मासळीबाजारातून लाद्या आणून मोरीतल्या टबात टाकायचे आणि गळ्यापर्यंत बसायचे. पहिल्या दिवशी कोळीण म्हणाली, "बाय, बरफ नेतेस नि मावरं न्हाय? स्वताला ठेवनार हाय काय बरफात?" मी हो म्हटलं. "मंग मीठ पन ने थोडा," ती म्हणाली. आठवडाभर अंगाला बांगड्याचा वास होता. तुमची लेक बर्फात बसून दात वाजवते आहे आणि दाराबाहेरून जावई विचारतोय, "चहा आत देऊ का?" हे चित्र बघून तुम्ही हसला असता, या भरवशावर मी ते सहन केलं.

मग दादरच्या तरणतलावातले धडे. शिकवणारी मुलगी माझ्या लेकीच्या वयाची. ती म्हणाली, "खाली गेलं की कानांवर दाब येतो. नाक चिमटीत धरायचं, तोंड बंद ठेवायचं आणि हळूच फुंकायचं. नाहीतर पडदा फाटतो." बाकीचे चारजण लालबुंद होईपर्यंत फुंकत राहिले. मला पहिल्या फटक्यात जमलं. "वा मॅडम, कोणी शिकवलं?" मी म्हटलं, "वडील असं करायचे." "डायव्हर होते?" मी मोठ्याने हसले. म्हटलं, "अगं, माझे वडील ओल्या वाळूच्या पुढे कधी गेले नाहीत." ती हसली नाही. तलावाच्या फॉर्मवर घरच्यांच्या कानांच्या दुखण्याबद्दल मी लिहिलं होतं: वडिलांचा डावा कान गेलेला, गिरणीत साच्यांच्या, म्हणजे मागांच्या, आवाजाने. त्यावर बोट ठेवून ती म्हणाली, "आवाजाने दोन्ही कान जातात ना मॅडम? एकच कसा गेला?"

संध्याकाळ आहे. डिलाईल रोडच्या चाळीत तुम्ही गॅलरीत बसला आहात, मांडीवर पेपर, आणि मधूनच नाक धरून गाल फुगवता आहात. मी तुमच्या मागे उभी राहून हुबेहूब नक्कल करते आहे आणि आख्खी गॅलरी खिदळते आहे. फक्त आई हसत नाही. ती आत जाते आणि उगाचच भांडी वाजवते. हे सगळं मला तलावाच्या काठावर, ओल्या कपड्यांत आठवलं आणि मी खाली बसले. शिकवणाऱ्या मुलीला वाटलं मला चक्कर आली.

दुसऱ्या दिवशी घोडपदेवला गेले, चाळीत आपल्या शेजारी राहायचे त्या काकांकडे. तुमच्या गिरणीतला तेवढाच एक माणूस उरला आहे. ते खरे साचेवाले, म्हणून दोन्ही कानांनी बहिरे. तुमचं गुपित मला ओरडून विचारावं लागलं आणि त्यांनी ओरडून सांगितलं. त्या इमारतीत ते आता सगळ्यांना ठाऊक आहे.

"तुझो बापूस साच्यार खंय होतो गो? तो तळ्यात उतरायचो!"

गिरणीच्या आवारातलं तळं. त्याच्यातूनच इंजिनाला पाणी जायचं. खाली पाइपाच्या तोंडाला जाळी, ती शेवाळाने आणि कचऱ्याने चोंदली की आख्खी गिरणी थांबायची. ती थांबू नये म्हणून कमरेला दोरी बांधून एक माणूस श्वास रोखून खाली जायचा आणि हातांनी जाळी मोकळी करायचा. थंडीतसुद्धा. "एकदा बापूस वर इलो तो कानातना रगात," काका म्हणाले. "दुसऱ्या दिसा परत उतारलो." आणि आईला? "आवशीक ठावक होता. तीच म्हणाली, पोरांका सांगू नको, भियातली."

बाबा, माझे विनोदी लेख वाचून लोक मला तिरकस नजरेची बाई म्हणतात. माझ्या डोळ्यांतून काही सुटत नाही, असं छापून आलं आहे. चाळीतले सगळे पुरुष केसांत, कानांत कापूस घेऊन घरी यायचे आणि तुम्ही रोज भांग पाडून, न्हाऊन आल्यासारखे. बायका म्हणायच्या, "ह्यो गिरणीत जातो की सासुरवाडीला?" सकाळी निघताना तुम्ही अंगभर खोबरेल चोपडायचात आणि सदऱ्यांवरचे डाग काढताना आई पुटपुटायची. सगळं माझ्यासमोर होतं. माझ्याकडे निऑप्रीनचा जाडजूड सूट आहे, हातमोजे आहेत, वर गरम सूप द्यायला बोटीवर माणूस आहे. तुमच्याकडे लंगोट होता आणि तेल होतं.

आणि मी काय केलं? माझा पहिला विनोदी लेख तुमच्यावर लिहिला. कोकणात जन्मून समुद्राला घाबरणारा माणूस. गणपती विसर्जनाला आपण दादरच्या चौपाटीवर जायचो, चाळीतले सगळे छातीभर पाण्यात, आणि तुम्ही वाळू ओली होते तिथे थांबलेले. "देवाने माझ्या बापाला समुद्र दिला आणि बापाने तो लांबूनच परत केला." या वाक्याला अजून टाळी पडते. दिवाळी अंक घेऊन तुम्ही चाळभर फिरलात, बिऱ्हाडागणिक वाचून दाखवलात. मला एवढंच म्हणालात, "बरा लिवलंस. लोकांनी हसाक व्हया." तुम्ही एक शब्द बोलला असतात, तर तो लेख तिथेच मेला असता. तुम्ही त्याला वाढवलंत.

काकांना मी शेवटी विचारलं, की एवढा पाणबुड्या माणूस, मग चौपाटीवर पुढे का जात नव्हता? काका माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मीच बहिरी. "तुका घेवन कसो जातलो? पाण्याक पाय लागलो की तू किंचाळायचंस. त्याचा बोट सोडूक तयार नाय!"

परवा निघायचं आहे. बॅग भरली आहे. त्या पाण्यात तळापर्यंत जाईन की शिडीच्या पहिल्या पायरीवरूनच परत फिरेन, माहीत नाही. तलावातल्या सरावापासून डावा कान जरा दुखतो आहे आणि हे मी शिकवणाऱ्या मुलीला सांगितलेलं नाही. पण तुम्हाला सांगायचं ते हे नाही. काकांसमोर मी दोनदा आश्चर्याने तोंडावर हात ठेवला. तळ्याचं ऐकून ठेवला तो खरा होता. चौपाटीचं ऐकून ठेवला तो खोटा. तुमचं ते बोट, माझ्या मुठीत मावायचं नाही इतकं जाड, ते मला कायम आठवत होतं, लेख लिहितानासुद्धा. ते लेखात घेतलं असतं तर लोक हसले नसते, म्हणून मी ते काढून टाकलं.